साताऱ्याचा ४१५००१ : मूळ संख्या की नुसताच भास?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातले एक वडील लिहितात : "मुलगी नववीत आहे. दिवाळीत सांगलीचा मामेभाऊ आला होता. 'आमचा पिन कोड ४१६४१६, म्हणतानाच कसा ठेका धरतो बघ. तुमच्या ४१५००१ मध्ये काय आहे?' असं म्हणून त्यानं तिला चिडवलं. तेव्हापासून ती वही घेऊन बसली आहे. २ पासून ५०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी तिनं ४१५००१ ला भागून पाहिलं. एकीनंही निःशेष भाग जात नाही. म्हणून ही मूळ संख्या आहे असं तिचं म्हणणं. बरोबर आहे का? आणि नसेल, तर या संख्येत सांगण्यासारखं काही आहे का?"

मी मूळचा तासगाव तालुक्यातला आणि नोकरी सगळी साताऱ्यात, त्यामुळे या भांडणात मला दोन्हीकडून निमंत्रण आहे असं समजतो. पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, त्यातली बरीचशी प्रज्ञाशोध आणि ऑलिंपियाडच्या मुलांबरोबर गेली.

उत्तर आधी सांगून टाकतो : ४१५००१ मूळ संख्या नाही. ती ६१३ × ६७७ आहे, आणि या दोन्ही मात्र मूळ आहेत. पण हे तुमच्या लेकीला आज सांगू नका. ती दाराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली आहे, आत तिची तिलाच जाऊ द्या.

किती जवळ आली होती ते बघा. ५०० पर्यंत ९५ मूळ संख्या आहेत, म्हणजे तिनं हातानं ९५ भागाकार केले. (कॅल्क्युलेटर न घेता केले असतील, तर तिला माझ्यातर्फे पाव किलो कंदी पेढे.) ६१३ ही मूळ संख्यांच्या रांगेतली ११२वी. आणखी सतरा भागाकार केले असते तर बाकी शून्य आली असती. तिचं चुकलं ते कष्टात नाही, थांबण्याच्या जागेत. ५०० ही तिला 'पुरेशी मोठी' वाटली म्हणून ती थांबली. थांबायची जागा आपल्या मनावर नसते, ती संख्याच ठरवते : वर्गमुळापर्यंत जायचं. एखादी संख्या दोन अवयवांत फुटत असेल तर दोन्ही अवयव वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत; तसे असते तर त्यांचा गुणाकारच संख्येच्या पुढे गेला असता. ६४४ चा वर्ग ४१४७३६ आणि ६४५ चा ४१६०२५. आपली संख्या या दोघांच्या मध्ये. म्हणजे ६४४ पर्यंतच्या मूळ संख्या तपासणं भाग आहे, आणि त्या ११७ आहेत. ९५ तपासून 'मूळ आहे' म्हणणं म्हणजे सातारा-पुणे प्रवासात शिरवळला उतरून 'पुणं आलं' म्हणण्यासारखं.

सुरुवातीच्या भागाकारांत तिचा बराच वेळ वाचला असता, तेही सांगून ठेवतो. ७, ११ आणि १३ या तिघींना वेगवेगळं भागायची गरज नसते. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करायचे आणि वजाबाकी करायची. इथे ४१५ वजा १, म्हणजे ४१४. आता ४१४ ला या तिघींपैकी कोणाचा भाग जातो का, एवढंच पाहायचं. ७ नं भागल्यावर बाकी १, ११ नं ७, १३ नं ११. तिघीही बाद. हा १००१ नीट लक्षात ठेवा, सांगलीकडे वळलो की पुन्हा लागणार आहे.

आता खरी गंमत. मी ही संख्या ११२ भागाकार करून फोडली नाही. पाहिल्यावर अर्ध्या मिनिटात फुटली, आणि त्यात माझी हुशारी नाही, एका जुन्या फजितीचा तो फायदा आहे. जानेवारी २०२१ मध्ये ऑनलाइन तास चालू होता. नवं वर्ष म्हणून मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "२०२१ ही मूळ संख्या आहे बरं का." तीस वर्षं शिकवलेला माणूस! २, ३, ५, ७, ११, १३ मनात लावून पाहिले होते आणि बाकीचं गृहीत धरलं होतं. तेवढ्यात एका मुलानं चॅटमध्ये टाइप केलं : ४३ × ४७. खाली दुसऱ्यानं हसरा चेहरा टाकला. त्या दिवशी संध्याकाळी मी त्या मुलाला फोन करून विचारलं, तुला कसं दिसलं? तो म्हणाला, "सर, २०२५ हा ४५ चा वर्ग. त्यातून ४ कमी, म्हणजे २ चा वर्ग कमी. मग ४५ वजा २ आणि ४५ अधिक २." आठवीपासून आपण घोकतो ते वर्गांतर, a² − b² = (a + b)(a − b). मी ते शेकडो वर्गांना शिकवलं होतं आणि स्वतःच्या हाताला मात्र लावलं नव्हतं.

तेच इथे करा. ४१५००१ च्या वरचा पहिला पूर्ण वर्ग ४१६०२५, म्हणजे ६४५ चा. त्यातून आपली संख्या वजा करा.

४१६०२५ − ४१५००१ = १०२४

आणि १०२४ म्हणजे ३२ चा वर्ग. पहिल्याच फटक्यात. ६४५ − ३२ = ६१३, ६४५ + ३२ = ६७७. संपलं.

हे नुसतं सूत्र म्हणून सांगितलं तर मुलांना जादू वाटते आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. घरात रांगोळीची वही असेल तर ठिपक्यांवर दाखवा. सात बाय सात ठिपके काढा. एका कोपऱ्यातले दोन बाय दोन, म्हणजे चार ठिपके खोडा. उरले ४५. आता आकृती पायरीसारखी दिसते : पाच पूर्ण ओळी, प्रत्येकी सात ठिपक्यांच्या, आणि खाली दोन अर्धवट ओळी, प्रत्येकी पाच ठिपक्यांच्या. तो खालचा तुकडा कापा, उभा करा आणि वरच्या भागाच्या बाजूला चिकटवा. पाच ओळी, प्रत्येकीत नऊ. ४५ = ५ × ९, म्हणजेच (७ − २)(७ + २). साताऱ्याच्या संख्येचं अगदी हेच आहे. ६४५ बाय ६४५ ची अवाढव्य रांगोळी, कोपऱ्यातून ३२ बाय ३२ चा तुकडा पुसलेला. उरलेले ठिपके एकाच प्रकारे आयतात बसतात : ६१३ ओळी, प्रत्येकीत ६७७. एकाच लांबलचक ओळीत मांडणं सोडलं तर दुसरा कुठलाही आयत जमत नाही.

या रीतीला जगभर फ्रेंच गणिती फर्माचं नाव आहे. त्यानं ती १६४३ च्या सुमारास पत्रात लिहिली. पण आपल्याकडे नारायण पंडितांच्या 'गणितकौमुदी'त, म्हणजे १३५६ मध्ये, 'भागादान' या प्रकरणात संख्येत वर्ग मिळवून अवयव काढायची हीच कल्पना आहे. पावणेतीनशेहून अधिक वर्षं आधी. मला अशा गोष्टींवरून छाती फुगवायला फारसं आवडत नाही, कारण छाती फुगवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते प्रकरण उघडलेलं असतं. पण मुलीला 'भागादान' हा शब्द जरूर सांगा. फार नेमका शब्द आहे.

इथे एक सावधगिरी. मुलांना एक किल्ली सापडली की ती सगळ्या कुलपांना लावत सुटतात. म्हणून तिला लगेच शेजारच्या कोरेगावचा पिन द्या : ४१५५०१. दिसायला साताऱ्याच्याच घरातला. वर्गमूळही तेच, ६४४ आणि ६४५ च्या मधलं. वर्गांतर लावून पाहू या. ४१६०२५ − ४१५५०१ = ५२४. पूर्ण वर्ग नाही, २२ चा ४८४ आणि २३ चा ५२९. पुढे ६४६ चा वर्ग घ्यायचा. तो पुन्हा गुणून काढायची गरज नाही, कारण लागोपाठच्या वर्गांमधलं अंतर विषम संख्यांनी वाढत जातं. आधीच्या उत्तरात १२९१ मिळवा : १८१५. मग १२९३ मिळवा : ३१०८. मग १२९५ : ४४०३. शेवटचा अंक पाहूनच पुष्कळ बाद होतात. पूर्ण वर्ग कधी २, ३, ७ किंवा ८ वर संपत नाही, आणि ५ वर संपला तर शेवट २५ असावा लागतो. म्हणून १८१५, ३१०८, ४४०३ तिन्ही न बघता गेले.

असं किती वेळ चालणार? तब्बल १२५१ वेळा. कारण ४१५५०१ = ११३ × ३६७७, आणि या दोघांचा मध्य १८९५. तिथपर्यंत एकेक पायरी चढत गेल्याशिवाय वर्ग सापडत नाही. उलट साधे भागाकार करत गेलात तर ११३ ही तिसावीच मूळ संख्या. कोरेगावला भागाकार तिसाव्या घावात जिंकतो आणि वर्गांतर घाम गाळत बसतं. साताऱ्याला ११२ घाव लागतात तिथे वर्गांतर एका घावात काम संपवतं. अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर वर्गांतर, एक लहान आणि एक मोठा असेल तर भागाकार. अडचण एवढीच की ते जवळ आहेत की लांब, हे फोडायच्या आधी कळत नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, आधी दहा-पंधरा मूळ संख्यांनी भागा, मग चार-पाच वेळा वर्गांतर करून पाहा, आणि तरी हलली नाही तर मगच पाट्या टाकायला बसा.

तुम्ही इंजिनिअर आहात असं तुमच्या पत्रावरून वाटतं, म्हणून एक जोडतो. बँकेचा व्यवहार ऑनलाइन करताना जी कुलपं वापरली जातात, त्यांपैकी १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी मांडलेलं कुलूप याच गोष्टीवर उभं आहे : दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करायचा, त्या दोघी कोण ते गुपित ठेवायचं. शेकडो अंकी गुणाकार भागत बसून फोडणं आजच्या संगणकालाही जमत नाही. पण निवडणाऱ्यानं आळस करून एकमेकींच्या शेजारच्या दोघी घेतल्या, तर वर्गांतर ते कुलूप साताऱ्याच्या पिनसारखं उघडतं. हे पुस्तकी भय नाही. २०२२ मध्ये काही प्रिंटरांनी तयार केलेल्या किल्ल्या अशाच सापडल्या होत्या.

बरं, दुसरा प्रश्न : फुटली तर फुटली, त्या संख्येत सांगण्यासारखं काय आहे?

माझ्या मते सगळ्यात सुंदर गोष्ट अजून सांगितलेलीच नाही. ६१३ आणि ६७७ या दोघींना ४ नं भागा. दोन्हीकडे बाकी १ उरते. अशा मूळ संख्या नेहमी दोन वर्गांची बेरीज असतात, आणि एकाच प्रकारे.

६१३ = १७² + १८²
६७७ = २६² + १²

आता या दोघींचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज होणारच. तशी खात्री इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी दिली आहे; त्यांच्या 'भावना' रीतीचीच ही एक बाजू. चार आकडे घ्या : १७, १८ आणि २६, १. तिरके-सरळ गुणाकार करा. १७ × २६ = ४४२, १८ × १ = १८. १७ × १ = १७, १८ × २६ = ४६८. पहिल्या जोडीची वजाबाकी आणि दुसऱ्या जोडीची बेरीज : ४२४ आणि ४८५. उलट, पहिल्या जोडीची बेरीज आणि दुसरीची वजाबाकी : ४६० आणि ४५१. आता वर्ग करून बेरीज करा.

४२४² + ४८५² = १७९७७६ + २३५२२५ = ४१५००१
४६०² + ४५१² = २११६०० + २०३४०१ = ४१५००१

दोन्ही वाटा साताऱ्यालाच येतात. आणि यातून ती मूळ नसल्याचा आणखी एक पुरावा मिळतो, कुणाला न भागता : मूळ संख्येला अशी वाट एकच असते, हिला दोन सापडल्या. मी हे गणित वर्गात करून घेतो तेव्हा मुद्दाम बेरीज मुलांना करायला लावतो. शेवटचा १ फळ्यावर उतरतो तेव्हा मागच्या बाकांवरूनही आवाज येतो. इतक्या वर्षांत त्या आवाजाचा कंटाळा आला नाही.

आता सांगली. त्या पोराचा हिशेबही चुकता करायला हवा.

४१६४१६ दिसायला देखणी आहे यात वाद नाही. पण तीन अंक दोनदा लिहिले की कुठलीही संख्या १००१ नं भागली जाते, कारण ४१६४१६ म्हणजे ४१६ हजार आणि ४१६, म्हणजे ४१६ × १००१. मघाची तुकड्यांची वजाबाकी इथे ४१६ − ४१६ = ०. म्हणून ७, ११ आणि १३ तिघीही आत आहेत हे भागाकार न करता कळतं. ४१६ फोडला तर ३२ × १३, म्हणजे १३ दुसऱ्यांदा हजर. एकूण :

४१६४१६ = २⁵ × ७ × ११ × १३²

हिचे विभाजक ७२. ते सगळे, स्वतः सोडून, मिळवले तर ६९०३६८ होतात, संख्येपेक्षा खूपच मोठे. अशा संख्येला विपुल म्हणतात. साताऱ्याचे विभाजक चारच, आणि स्वतः सोडून त्यांची बेरीज १ + ६१३ + ६७७ = १२९१. सांगलीची संख्या म्हणजे भरलेलं घर, कुणीही या, कुणीही जा; ३६ प्रकारच्या आयतांत मांडता येते. मात्र दोन वर्गांची बेरीज म्हणून ती एकाही प्रकारे लिहिता येत नाही. ७ आणि ११ या ४ नं भागल्यावर ३ बाकी ठेवणाऱ्या, आणि दोघीही एकेकट्या, म्हणजे विषम वेळा आल्या आहेत; तेवढं एक कारण वाट अडवायला पुरतं.

पण सांगलीकडे एक असं काही आहे की मी स्वतः पाहिलं तेव्हा पेन खाली ठेवला. त्यासाठी देवळालीला जावं लागेल. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) तिथल्या शाळेत शिक्षक होते. पीएच.डी. नाही, विद्यापीठातली जागा नाही, पण आज जगातल्या संख्यांच्या खेळांत त्यांचं नाव पदोपदी येतं. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ सापडली. रीत अशी : चार अंक घ्या, सगळे एकच नसावेत. उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. सात पायऱ्यांच्या आत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि तिथेच राहता.

सहा अंकांना ही रीत लावली तर गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. तिथे मुक्कामाच्या जागा दोन, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि तिसरी एक गोल फिरणारी सात संख्यांची साखळी. आता सांगली लावा. अंक ६, ६, ४, ४, १, १.

६६४४११ − ११४४६६ = ५४९९४५

एका पायरीत मुक्काम! पुन्हा करून पाहा : ९९५५४४ − ४४५५९९ = ५४९९४५. हलत नाही. योगायोग का? अर्धा. सहा अंकांत तीन अंक प्रत्येकी दोनदा आले की वजाबाकीतून मधला अंक गळून पडतो आणि उरतं फक्त (सर्वांत मोठा − सर्वांत लहान) × १०९९८९. सांगलीत ६ − १ = ५, म्हणून ५ × १०९९८९ = ५४९९४५. आणि या उत्तराचे अंकही जोड्यांतच आहेत, ९-९, ५-५, ४-४, आणि ९ − ४ पुन्हा ५. म्हणून ती स्वतःकडेच परत येते. म्हणजे ४१६ ऐवजी ७२३ दोनदा लिहिला असता तरी हाच मुक्काम आला असता. फरक ५ पाहिजे, एवढीच अट. अर्धा योगायोग म्हणतो तो याच्यासाठी, की सांगलीला नेमका तो ५ मिळाला.

कापरेकरांच्याच 'हर्षद' संख्यांतही सांगली बसते. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो ती हर्षद, हर्ष देणारी. अंकांची बेरीज २२, आणि ४१६४१६ ÷ २२ = १८९२८. साताऱ्याच्या अंकांची बेरीज ११, भाग जात नाही. या सामन्यात गुण सांगलीला. साताऱ्याची कापरेकर-वाट तर लांबलचक आहे :

४१५००१ → ५३९९५५ → ६३९९५४ → ६५०८४४ → ८२०८७२ → ८६४४३२ → ६२९९६४ → ७४९९४३ → ६५२६४४ → ४२०८७६

आणि ४२०८७६ वर ती त्या साखळीत सापडते. तिथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. नऊ पायऱ्या चढून गेली आणि मग प्रदक्षिणा, ती कायमची. (पहिल्या पायरीत ५४११०० मधून ००११४५ वजा करायचे, पुढची शून्यं टाकायची नाहीत. मुलं तिथेच चुकतात.)

पण भाच्याला एक गोष्ट नक्की सांगा. ४१६४१६ चा ठेका, हर्षदपणा, कापरेकरांचा मुक्काम, हे सगळं आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून आहे. आपल्याला बोटं दहा आहेत, त्याचा हा प्रताप. तीच संख्या संगणकासारखी द्विमानात लिहा : ११००१०११०१०१०१०००००. कुठे आहे ठेका? शेवटची पाच शून्यं तेवढी दिसतात, आणि ती २⁵ ची आहेत, म्हणजे अवयवांची. कपडे उतरवले की दागिने गेले, हाडं राहिली. ६१३ × ६७७ आणि ते दोन वर्ग मात्र कुठल्याही पद्धतीत लिहा, जागचे हलत नाहीत. मला विचाराल तर म्हणूनच साताऱ्याची संख्या मला जास्त आवडते. पण तासगावकरानं हे म्हणणं म्हणजे घरभेदीपणा, तेव्हा याची वाच्यता नको.

तुमच्या पत्राच्या शेवटी कुणीतरी 'अंकांची बेरीज २२ म्हणजे ४, तो राहूचा, सांगलीला दरवर्षी पुराची भीती त्यामुळे' असं सांगितल्याचा उल्लेख आहे. पूर कृष्णा आणि वारणेच्या पाण्यानं येतो. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले, श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते. कृष्णेला पूर त्याच्या कितीतरी आधीपासून येत आहेत. आणि ४१६ म्हणजे टपालाच्या छाननीचा विभाग, ४१५ चंही तसंच; रत्नागिरीची पत्रंही ४१५ नं सुरू होतात. टपाल खात्यानं पत्रं नीट पोचावीत म्हणून आकडे दिले, भविष्य कळावं म्हणून नाही.

आता लेकीसाठी. तिला आज एवढंच म्हणा : "तू ५०० ला थांबलीस. कुठे थांबायचं हे कोण ठरवतं?" वर्गमूळ तिचं तिला सुचलं तर उत्तम. नाही सुचलं तर दोन दिवसांनी रांगोळीचे ठिपके काढा. ६१३ सापडला की ती भावाला फोन करील. तेव्हा त्यालाही ६६४४११ वजा ११४४६६ करायला सांगा, म्हणजे बरोबरी होईल.

आणि त्या दोघांनाही एकदम कामाला लावायचं असेल तर कराडचा ४१५११० द्या. तो मी फोडून देत नाही. पाच वेगवेगळ्या मूळ संख्या निघतात, आणि त्यांतली एक उलटी वाचली तरी तीच राहते. फक्त वर्गांतराच्या नादी लागू नका म्हणावं : कराडची संख्या दोन पूर्णांकांच्या वर्गांची वजाबाकी कधीच होऊ शकत नाही, रांगोळी कितीही मोठी काढा. का होत नाही, ते ४ नं भागून उरलेल्या बाकीत आहे.